योकोहामाची पाणपोई

मोरा व करंजा ही बंदरे, मिठागरे आणि अलीकडचे न्हावा-शेवा यांमुळे उरणात बाहेरून माणसे सतत येत राहिली. कोणी पेठेत दुकान थाटले, कोणी कंटेनर यार्डात कामाला लागले. व्यवहार सुरळीत चालला की गाव आपले वाटू लागते. त्या आपलेपणाची परीक्षा मात्र संकटाच्या दिवशी होते. परक्या भूमीत व्यापार करणाऱ्या भारतीयांनी ही परीक्षा कशी दिली, हे जपानमध्ये पाहावयास मिळते.

१ सप्टेंबर १९२३ रोजी, दुपारचे बारा वाजण्याच्या बेतात असताना, टोकियो-योकोहामा परिसर भूकंपाने हादरला. स्वयंपाकाची वेळ असल्याने घरोघरी चुली पेटलेल्या होत्या. आग भडकली आणि एक लाखाहून अधिक माणसे प्राणास मुकली. योकोहामात रेशमाचा व्यापार करणाऱ्या भारतीयांपैकीही काही जण त्यांत होते. वाचलेल्यांना तेथील नागरिकांनी आधार दिला. अनेक पेढ्या कोबेला हलल्या. पुढे काही परतल्या.

परतलेल्यांनी ते ऋण विसरू दिले नाही. भूकंपाचा राडारोडा समुद्रात भरून योकोहामात यामाशिता उद्यान उभे राहिले होते. पुढे भारतीय व्यापाऱ्यांनी तेथे घुमटाकार छताखाली एक पाणपोई बांधून शहराला अर्पण केली. मृत देशबांधवांचे स्मरण आणि नगरवासीयांचे आभार, असा तिचा दुहेरी हेतू होता. तहानलेल्याला पाणी पाजणे ही आपल्या पेढ्यांची जुनी रीत. परदेशात कृतज्ञता व्यक्त करतानाही त्यांना तीच आठवली.

कोबेतही भारतीय वस्ती वाढली. मोत्यांच्या व्यापारातील जैन कुटुंबांनी १९८५ मध्ये तेथे संगमरवरी मंदिर उभारले. दहा वर्षांनी, १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे, ते शहरही भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि सहा हजारांहून अधिक लोक मरण पावले. त्या वेळी एक उणीव उघड झाली. सूचना अवघड जपानीत असल्याने अनेक परदेशी रहिवाशांना पाणी कोठे मिळते, निवारा कोठे आहे, हेच उमगत नव्हते. त्यातून पुढे ‘सोपी जपानी’ घडवण्यात आली. ‘हिनान’ म्हणजे स्थलांतर या जड शब्दाऐवजी ‘निगेरु’, म्हणजे सरळ ‘पळा’, असे सांगावे, हा तिचा धडा.

उरणला हा धडा दूरचा नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. झाडे व विजेचे खांब कोसळले, पत्रे उडाले. अशा दिवशी ‘सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे’ हे वाक्य परप्रांतातून नुकत्याच आलेल्या हमालाला किंवा ट्रकचालकाला कितपत कळेल? त्याच्या भाषेत ‘चल, शाळेच्या पक्क्या इमारतीत’ असे सांगणारा कोणी हवा. व्यापारी कुटुंबांना गावची भाषा येते आणि बहुधा आणखी एक-दोन भाषाही येतात. गोदामातील धान्याइतकीच हीसुद्धा त्यांची शिल्लक आहे. पावसाळ्यापूर्वी आपल्या दुकानातील व गोदामातील प्रत्येक कामगाराचे नाव, गाव, भाषा आणि घरच्यांचा दूरध्वनी एका वहीत लिहून ठेवणे, एवढ्यानेही सुरुवात होऊ शकते. योकोहामाच्या नागरिकांनी ज्यांना आधार दिला, तेही कोणे एके काळी परकेच होते.