पूल झाकायचा, पण कशाने?

पुणे, लोणावळा आणि अलिबाग या पट्ट्यात बंगल्यांमागचे स्विमिंग पूल बांधायचे आणि सांभाळायचे, हे माझं काम. पूल झाकायला लोक सर्वांत आधी ताडपत्री आणतात. कोपऱ्यांना दोऱ्या, कडेला विटा. आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद पुलावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, की त्या ताडपत्रीवर ३,२०० लिटर पाणी साचतं, म्हणजे ३.२ टन वजन. लोणावळ्याच्या आषाढात असा पाऊस एका दिवसात पडतो. विटा आत ओढल्या जातात, मधोमध झोळ पडतो, त्या डबक्यात पाला कुजतो आणि डास होतात. लहान मुलाला तर ताडपत्री सरळ जमिनीसारखी दिसते.

म्हणून मी मालकांना पहिल्यांदा विचारतो, घरात किंवा शेजारी लहान मुलं आहेत का? असतील, तर बाकीचं नंतर बोलू.

बाजारात सहज मिळतं ते निळं बबल कव्हर, पाण्यावर तरंगणारं फुग्यांचं प्लास्टिक. त्यावर मूल पडलं तर प्लास्टिक बाजूला सरतं, मूल खाली जातं आणि कव्हर वरून पुन्हा मिटतं. काठावरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. हे कव्हर सुरक्षेसाठी म्हणून कोणी विकत असेल, तर घेऊ नका. अमेरिकेतल्या एएसटीएम एफ १३४६ या मानकानुसार सुरक्षेच्या कव्हरने सुमारे २२० किलो भार पेलायला हवा, म्हणजे दोन मोठी माणसं आणि एक मूल. फ्रान्सने २००३ च्या कायद्याने जमिनीत बांधलेल्या खासगी पुलांना कुंपण, अलार्म, कव्हर किंवा बंदिस्त छत यांपैकी एक तरी सक्तीचं केलं. मी एकावर थांबत नाही. आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचं कुंपण हवंच, कारण कव्हर काढलेलं असतानाही ते उभं असतं.

घाटमाथ्यावर पावसाळ्यासाठी मी जाळीचं कव्हर सुचवतो. भक्कम पट्ट्या शिवलेली जाळी काठावरच्या पितळी अँकरना स्प्रिंगने ताणून बांधतात. पाऊस खाली जातो, पाला वर राहतो. अँकर मात्र खालच्या काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. नुसत्या फरशीत बसवला तर ताणाने फरशीच उखडते. अलिबागला खाऱ्या हवेमुळे स्प्रिंग ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचीच लागते. जाळीतून उजेड आत जातो, त्यामुळे शेवाळ धरतं. पूल झाकला म्हणून क्लोरीन आणि पंप बंद करायचा नाही, आणि जादा पाण्याची वाट मोकळी ठेवायची.

पुण्याच्या बाजूला उतरलं की काळजी पाणी उडून जाण्याची. एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडालं, तर त्याच पुलातून रोज अडीचशे लिटर जातं. टँकरच्या दिवसांत ते फार आहे. इथे बबल कव्हरला तोड नाही. बाष्पीभवन ते जवळजवळ थांबवतं. थंडीत ऊबही राखतं, कारण एक लिटर पाणी उडताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता घेऊन जातं. फुगे खालच्या बाजूला ठेवायचे. पारदर्शक कव्हरखाली मे महिन्यात पाणी नकोसं तापतं. उन्हाळ्यासाठी फिक्या रंगाचं, अपारदर्शक घ्यावं. क्लोरीनचा मोठा डोस दिल्यावर ते खाली येईपर्यंत पूल उघडा ठेवा, नाहीतर प्लास्टिक लवकर ठिसूळ होतं.

बटणावर चालणारं पट्ट्यांचं स्वयंचलित कव्हर उत्तम, पण त्याचा खड्डा बांधकामातच धरावा लागतो आणि ते महागही पडतं.

कुठलंही कव्हर घेण्याआधी बंगल्यावर राहणाऱ्या माळ्याला किंवा केअरटेकरला विचारा. मालक शनिवारी येतो. बाकीचे दिवस कव्हर घालणारा आणि काढणारा तो असतो. ओलं कव्हर एकट्याला ओढवत नाही, मग ते आठवडाभर कोपऱ्यात पडून राहतं. बबल कव्हरसोबत चाकांचा रोलर घ्यायलाच हवा. पूल वळणावळणाचा असेल, तर कव्हर दोन-तीन तुकड्यांत कापून घ्या, म्हणजे एकेक तुकडा त्याला एकट्याला उचलता येईल. पैसे देण्याआधी त्यालाच ते एकदा घालून आणि काढून बघू द्या.