चिंध्यांचे पंख

रमजानची ईद जवळ आली की आमच्या घरी खेळण्यांचा विषय निघतोच. शेजारच्या मुलाला रिमोटची गाडी मिळाली, मग आपल्याला का नाही? घरखर्चाचा हिशेब मुलांना कसा पटवायचा? अशा वेळी आम्ही त्यांना सुनन अबू दाऊदमधील एक हदीस सांगतो.

अल्लाहचे प्रेषित (स.) एका मोहिमेवरून परतले होते. हजरत आयशा (रजि.) यांच्या बाहुल्यांमध्ये त्यांना एक घोडा दिसला. त्याला चिंध्यांचे दोन पंख होते. 'घोड्याला पंख?' असे त्यांनी विचारले. 'हजरत सुलैमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकले नाही का?' असे उत्तर आले. प्रेषित (स.) मनमुराद हसले.

प्रवासाहून आलेल्या प्रेषितांनी (स.) खेळण्याची किंमत नव्हे, त्यामागची कल्पना विचारली. आम्हाला ही सुन्नत मोठी वाटते. मुले खोक्याची बस करतात, ओढणीचा तंबू ठोकतात, करवंट्यांत बिर्याणी शिजवतात. आपण मोबाइल बाजूला ठेवून शेजारी बसावे आणि विचारावे, 'बाळा, हे काय आहे?' या ईदीला पैसे लागत नाहीत, वेळ मात्र द्यावा लागतो.