पाच की पंधरा?

मातीचा गाभा काढायचं काम आता माझ्याकडे नाही. मनगट दुखतं, नळी तिरकी उतरते, आणि तिरकी नळी खोली खोटी सांगते. तारापूरच्या बाजूला नमुने घ्यायला गेलो की नवी मुलगी नळी ठोकते, मी बांधावर बसून सूचना करतो. तिची नळी माझ्याहून सरळ उतरते, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

परवा तिनं विचारलं, "सर, पाच घेऊ की पंधरा?"

याच प्रश्नाशी मी उभी नोकरी झटापट केली. २०११ साली फुकुशिमानंतर जपानच्या विज्ञान मंत्रालयानं नकाशासाठी वरची पाच सेंटिमीटर माती घेतली, कृषी खात्यानं शेतांतून पंधरा. न नांगरलेल्या जमिनीत किरणोत्सारी सीझियम वरच चिकटून बसतं. तिथं पंधरा घेतली की तेच सीझियम तिप्पट मातीत वाटलं जातं आणि किलोमागचे बेकरेल तिसऱ्या हिश्श्यावर येतात. माती तीच, आकडा वेगळा. भात लावायची मर्यादा किलोला ५,००० बेकरेल होती. अशा वेळी खोली न लिहिलेल्या आकड्याचं करायचं काय? चौरस मीटरवर मांडा म्हणतात. मांडू, पण गाभा सीझियमच्या खाली पोचला कशावरून?

आपल्याकडे आकडे अगदी लहान. त्यातही १९६३च्या करारापूर्वी हवेत झालेल्या अणुचाचण्यांची धूळ आहेच. तारापूरच्या पहिल्या अणुभट्ट्या त्यानंतरच्या, १९६९च्या. भातखाचरात चिखलणीनं सगळं वरखाली होतं. राब भाजलेल्या तुकड्यात तर राखेबरोबर पालापाचोळ्यातलं सीझियमही उतरतं. ती माती मी वेगळ्या पिशवीत घ्यायला लावतो. मुलीला हा म्हाताऱ्याचा हट्ट वाटतो.

किरणोत्सर्ग मोजायचं मीटर हातात घेऊन अणुकेंद्राच्या कुंपणाशी फिरणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्यांनी केरळात चवऱ्याच्या वाळूवर उभं राहावं : भट्टी नाही, नुसतं थोरियम, तरी मीटर बोंबलतं. पण 'मर्यादेच्या आत' एवढंच लिहून फाइल मिटवणारे मला त्याहून नकोसे. आणि गॅमा वर्णपटात सीझियमच्या ६६२च्या शिखराला बिस्मथचं ६६५ चिकटलंय का, हे सॉफ्टवेअरआधी मला दिसलं की अजूनही कॉलर ताठ होते. कुणी शेजारी उभं असेल तर जरा जास्तच.

तिला म्हटलं, "खाचरात नांगराच्या तळाखाली जा. माळावर वीसपर्यंत, दोन-दोनच्या चकत्या."

"म्हणजे एका गाभ्याचे दहा नमुने, सर. डिटेक्टर एकच आहे, एकेकाला दिवस लागेल. वर अहवाल महिनाअखेरीस हवाय."

"मागू देत," मी म्हटलं. तिनं पुढची नळी ठोकायला घेतली.