तारीख विचारायला येणाऱ्या ताई

माझी पहिली नोंद जन्मदाखल्यावरची नाही. त्याच्या कितीतरी आधी, आईची पाळी चुकली तेव्हा, एका ताईंनी आमच्या ओट्यावर बसून ती वहीत लिहून घेतली होती. १९९४ सालची गोष्ट. आई नवी नवरी होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातली माणसं वर्षभरापूर्वीच पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत येऊ लागली होती. लग्न झालेल्या बायकांच्या घरी दर महिन्याला ताई यायच्या आणि पाळीची तारीख विचारायच्या. आई सांगते, सासऱ्यांसमोर तारीख कशी सांगायची म्हणून ती ताईंना पाणी द्यायच्या निमित्तानं आत बोलवायची आणि चुलीपाशी हळूच सांगायची.

हा अभ्यास होता त्याच विभागातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा, आणि त्याला इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाची साथ होती. आईच्या पोटात असताना बाळाला काय मिळतं आणि पुढं मोठेपणी त्याच्या शरीरात त्याचं काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी आधी बाई गरोदर राहायला हवी होती, आणि ते लगेच कळायलाही हवं होतं. म्हणून ती तारीख. गरोदर राहिलेल्या जवळजवळ आठशे बायका यात होत्या, त्यातली एक माझी आई. तपासणीसाठी रक्त द्यायला आजीचा विरोध होता. "रगात नेऊन इकायचंय का त्यांना?" असं ती दारात उभी राहून विचारायची. आई मात्र कधी नाही म्हणाली नाही. का, असं मी मोठी झाल्यावर विचारलं, तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी विसरलेली नाही. ताई तिला विचारायच्या, दिवसात किती वेळा पाणी आणता? हंडा केवढा? विहीर किती लांब? खुरपायला किती तास बसता? दुपारी टेकता का? "माझं काम असं कुणी विचारलंच नव्हतं," आई म्हणाली. "आणि त्या लिहून घ्यायच्या."

त्या लिहिण्यातून काय निघालं ते मला नर्सिंगला गेल्यावर वाचायला मिळालं. ज्या बायकांच्या अंगावर कष्टाचं काम जास्त, त्यांची बाळं लहान. ज्यांच्या ताटात पालेभाजी, दूध आणि फळं जास्त वेळा यायची, त्यांची बाळं मोठी. आमच्या गावांत जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो भरलं, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आमचे हातपाय, पोट, डोकं, सगळंच बारीक. पण पाठीवरची कातडी चिमट्यात धरून मोजली तेव्हा तिथली चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. स्नायू कमी, चरबी राखलेली. काडीसारख्या दिसणाऱ्या बाळातही चरबी असते, हे २००३ मध्ये जगासमोर आलं ते आमच्या अंगावरून. वाचताना मी आपसूक माझ्या पाठीला हात लावला होता.

लहानपणी यातलं काही ठाऊक नव्हतं. माहीत होता तो चिमटा. दंडाला, पाठीला गार लागायचा. दर सहा महिन्यांनी मोजणी व्हायची आणि वर्गातली निम्मी मुलं एकत्रच ओळीत उभी राहायची. सहा वर्षांची असताना पुण्याला गेलो, मी पहिल्यांदाच. एका मोठ्या यंत्राखाली आडवं झोपवलं, वरचा दांडा हळूहळू अंगावरून सरकत गेला आणि मी श्वाससुद्धा धरून ठेवला, कारण आईनं बजावलं होतं की हललीस तर परत झोपावं लागेल. बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा तेच. तोवर ताईंनी माझी पाळी विचारायला सुरुवात केली होती. आईनं चुलीपाशी सांगितलं तसं मीही सांगितलं.

अठराव्या वर्षी मात्र एक वेगळी गोष्ट झाली. तोपर्यंत संमतीच्या कागदावर सही वडिलांची किंवा आईचा अंगठा. २०१३ मध्ये ताईंनी कागद माझ्यासमोर ठेवला. सगळं वाचून दाखवलं, कधीही नाही म्हणता येईल हेही सांगितलं, आणि म्हणाल्या, आता तू सज्ञान आहेस, तुझं तू ठरव. शाळा, शिक्षण, पुढं लग्न, यातलं काहीही मला असं समोर बसवून कुणी विचारलं नव्हतं. मी पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. सही केली ती नीट, पूर्ण नावानं.

त्याच वेळी उपाशीपोटी रक्त घेतलं, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. माझं वजन ४१ किलो. साखर काठावर निघाली. मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावर. मी एकटी नव्हते. आमच्यातल्या मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर वाढलेली होती, आणि वजनानं मात्र जवळजवळ निम्मे जण कमीच भरले होते. कबड्डी खेळणारी, कणसासारखी सडसडीत पोरं होती ती. साखर म्हणजे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग, असं आमच्याकडं सगळे मानायचे. मीही मानायचे.

गोळी सुरू झाली ती याच सुमारास. मधल्या काळात कळलं होतं की आमच्या आयांपैकी बहुतेकींच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. दूध डेअरीला जायचं, मांसाहार सणासुदीला. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं दिसली. म्हणून २०१२ पासून आम्हां पाचशेहून अधिक जणांना रोज गोळ्या दिल्या गेल्या, पहिलं मूल होईपर्यंत. काहींच्या गोळीत दोन मायक्रोग्रॅम बी-१२, काहींच्यात त्यासोबत आणखी जीवनसत्त्वं, काहींच्यात काहीच नाही. माझी कुठली, हे मला किंवा देणाऱ्या ताईंना माहीत नव्हतं. मैत्रिणी विचारायच्या, मग घेतेस कशाला? मी म्हणायचे, आपल्या पोरांसाठी कळेल काहीतरी.

लग्न झालं ते वाशिम जिल्ह्यातल्या मुलाशी. तो रांजणगावच्या कंपनीत होता, घर रिसोड तालुक्यात. पहिलं वर्ष मी सासरीच राहिले. तिथं सोयाबीन-तुरीचं रान, आणि आमच्यापेक्षा वेगळी बोली. पुण्याहून तपासणीचा फोन आला तेव्हा सासूबाई चपापल्या. "कायची तपासणी वं? काही बिमारी हाये का तुले?" नाही म्हटल्यावर तर अजूनच. "बिमारी नाही तं काहून जातं एवढ्या दूर?" मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, आईच्या तारखेपासून. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुया मायनं लय केलं." रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघाले. जालन्याच्या पुढं ढाब्यावर गाडी थांबली, सगळे जेवायला उतरले. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून मी खिडकीशीच बसून राहिले.

मुलगी झाली ती माहेरी, २०२० च्या फेब्रुवारीत. तीन दिवसांच्या आत ताई आल्या. चिमटा तोच, गार. आईनं बाळाला धरलं होतं. २.८ किलो. पंचवीस वर्षांपूर्वी याच घरात माझं वजन २.५ भरलं होतं, ते आईला तोंडपाठ आहे.

आता मी वाशिम जिल्ह्यातच एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. हा जिल्हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला, राज्यातल्या चारांपैकी एक. त्यामुळं रजिस्टरात रकाने पुष्कळ आहेत आणि ते आम्ही मनापासून भरतो. लोह-फोलिक ॲसिडच्या गोळ्या देतो; त्या हव्यातच, रक्त कमी असलेल्या बाया रोज समोर येतात. त्यांत बी-१२ नाही हे मात्र मी विसरू शकत नाही, म्हणून ताक, दूध, अंडं यांबद्दल जरा जास्तच बोलते. तीस वर्षांवरच्यांची साखर तपासायची असते. "मॅडम, मी तं काडी हाये, मले कायची साखर?" असं कुणी म्हटलं की मी माझं अठराव्या वर्षीचं वजन सांगते.

जड जातं ते बाई परत न येणं. तांड्यावरची एखादी पाचव्या महिन्यात नाव नोंदवते, दिवाळीनंतर नवऱ्यासोबत कामाला बाहेर जाते, बाळंतपण कुठं झालं, बाळ किती भरलं, काही कळत नाही. माझ्या ताई तीस वर्षं एकेका दाराशी परत गेल्या, हे किती अवघड होतं ते आत्ता समजतं.

मागच्या आठवड्यात एक विशीतली बाई आली, चौथा महिना. तारीख विचारली, ती लाजली, मी खुर्ची जवळ ओढली. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन झालं. मग विचारलं, पाणी कुठून आणता? किती हंडे? निंदायला किती तास? ती आधी माझ्याकडं बघतच राहिली, मग बोटांवर मोजून सांगू लागली. आशाताईंनी रजिस्टर चाळलं.

"मॅडम, हे कोणत्या रकान्यात भरू?"

"रकाना नाही," मी म्हटलं. "मागच्या पानावर लिहा. हंडे सात. विहीर शाळेपलीकडं."