कॅन्ससच्या माळावरील करडे झुडूप

कॅन्सस सिटी सोडून पश्चिमेकडे जाताना मक्याची व सोयाबीनची शेते विरळ होत गेली, आणि मॅनहॅटन नगराच्या आसमंतात फ्लिंट हिल्सच्या तृणमय टेकड्या क्षितिजापर्यंत पसरलेल्या दिसू लागल्या. येथील चुनखडकात गारेचे थर इतके दाट आहेत की वसाहतवाल्यांच्या नांगराला ही जमीन वश झाली नाही. म्हणूनच, एके काळी खंडाचा मध्यभाग व्यापणाऱ्या उंच गवताच्या प्रेअरीचा जो अल्प अंश आज उरला आहे, त्याचा मोठा हिस्सा याच इलाख्यात आहे. त्यापैकी कोन्झा प्रेअरी हे क्षेत्र १९७१ पासून शास्त्रीय अभ्यासासाठी राखलेले आहे. जूनअखेरच्या उन्हात तिथल्या पाऊलवाटेने चढत असता गुडघाभर उंचीची ती करडी झुडुपे प्रथम दृष्टीस पडली.

माळावर जांभळा तुरा दिसला म्हणजे ओळख पटली असे नव्हे, कारण प्रेअरी क्लोव्हरही त्याच दिवसांत जांभळी फुलते आणि तिचे परागकोशही केशरीच असतात. पण तिच्या पर्णिका मोजक्या, अरुंद व हिरव्या, तर येथे एकेका देठावर दाटीने ओळीत बसलेल्या चिमुकल्या पर्णिका आणि त्यांवर इतकी पांढुरकी लव, की सारे झुडूप राख शिंपडल्यासारखे भासावे. भिंग लावून फुलात पाहिले आणि संशय फिटला. तुरीच्याच कुळातले हे फूल, परंतु तुरीच्या फुलाला पाच पाकळ्या असतात, तर येथे केवळ एक, पुंकेसरांभोवती गुंडाळलेली ध्वजपाकळी. पंख नाहीत, नौका नाही, आणि दहा पुंकेसर मोकळे बाहेर डोकावलेले. हीच ती अमॉर्फा कॅनेसेन्स, लोकांची लेडप्लांट. हिची सगोत्र अमॉर्फा फ्रुटिकोसा हिलाही एकच पाकळी असते. मात्र ती ओढ्याकाठच्या ओलीत माणसाहून उंच वाढते आणि तिच्या पानांवर ही करडी लव नसते.

मला या झुडपाचे खरे वैभव त्याच्या मुळांत वाटते. चार-पाच मीटर खोल गेलेली ती मुळे वसंतातल्या वणव्यानंतर पुन्हा धुमारे फोडतात आणि अवर्षणातही टिकतात; अतिचराई व नांगर मात्र त्यांना सोसत नाहीत.

पुढे आयोवाच्या वाटेवर, चहूकडे मका असता, एका जुन्या दफनभूमीच्या कुंपणाआत तेच करडे झुडूप फुललेले आढळले, आणि तेवढ्या तुकड्यावर नांगर फिरला नसावा, हे ताडण्यासाठी मोजणीचे दफ्तर धुंडाळण्याची गरज उरली नाही.