चेन्नई : कांजीवरमपलीकडचे भरतकाम

चेन्नईला जाणाऱ्या मराठी कुटुंबांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. मैलापूरच्या कपालीश्वराचे दर्शन, मरीना किनाऱ्यावरचा वारा, एक दिवस महाबलीपुरम आणि उरलेला सगळा वेळ त्यागराय नगरातील साड्यांच्या दुकानांत! कांजीवरम घेतल्याशिवाय परतायचे नाही, हा तर नियमच. पण ज्या गृहिणीने कधी हौसेने उशीच्या अभ्र्यावर चार टाके घातले असतील, तिच्यासाठी या शहरात आणखीही काही आहे. दक्षिणेतील विणकामाची कीर्ती एवढी मोठी की तिच्या सावलीत तेथील भरतकाम झाकून गेले. चेन्नईत थोडी वाट वाकडी केली, तर ते पाहायला मिळते.

देवाच्या रथाचा साज

सुरुवात मैलापूरपासूनच करावी. पंगुनी महिन्यात, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास, कपालीश्वर मंदिराचा मोठा उत्सव भरतो आणि देवाचा रथ मंदिराभोवतीच्या चार माड रस्त्यांवरून ओढला जातो. तमिळनाडूतील अशा रथांना कापडाच्या लांब नळकांड्यांसारखी झुंबरे लटकवलेली असतात. त्यांना ‘तोंबै’ म्हणतात. लाल, पिवळ्या, हिरव्या, पांढऱ्या आणि काळ्या कापडाचे तुकडे कापून, एकावर एक शिवून त्यांवर मोर, पोपट, कमळे आणि सिंहासारखा ‘याळी’ उठवलेला असतो. दुरून पाहणाऱ्या भक्ताला दिसावे म्हणून आकृत्या ठसठशीत आणि रंग भडक. नाजूकपणा येथे कामाचा नाही.

या कामाची जुनी केंद्रे तंजावर आणि कुंभकोणम परिसरात आहेत. तंजावर म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी जेथे होती, तेच.

दक्षिणचित्र : दक्षिणेचे अंगण

शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, महाबलीपुरमच्या वाटेवर मुट्टुकाडू येथे ‘दक्षिणचित्र’ आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर चेन्नईकर झालेल्या डेबोरा त्यागराजन यांनी १९८४ मध्ये ‘मद्रास क्राफ्ट फाउंडेशन’ स्थापन केले आणि डिसेंबर १९९६ मध्ये हे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. दक्षिणेतील जुनी घरे पाडली जात असताना ती विकत घेऊन, उतरवून, येथे पुन्हा उभारली आहेत. चेट्टिनाडची वाडेवजा हवेली, केरळचे लाकडी घर आणि कर्नाटकातील इरकल विणकराचे घरही येथे आहे.

त्या घरापाशी मराठी पावले थबकतातच. इरकल लुगडे आणि त्यावरचा कर्नाटकी कशिदा कोल्हापूर, सोलापूर, सांगलीच्या घरांत परका नाही. काळ्या चंद्रकळेवर गोपुर, पालखी, अंबारीचा हत्ती आणि तुळशीवृंदावन भरायचे, तेही छाप न उमटवता, नुसते धागे मोजून. त्यातील ‘गवंती’ टाका असा की कापड उलटले तरी नक्षी तीच दिसते. ही ओळख मनात ठेवली, की पुढचे भरतकाम समजायला सोपे जाते.

म्हशीची शिंगे, सशाचे कान

अण्णा सालैवर तमिळनाडू सरकारच्या हस्तकला महामंडळाचे ‘पूंपुहार’ हे विक्री केंद्र आहे. पितळी नटराज आणि तंजावर चित्रे यांत गुंतलेल्या गिऱ्हाइकाने तोडा शालीची जरूर चौकशी करावी.

निलगिरीच्या पठारावर म्हशी पाळणारी तोडा जमात संख्येने फार लहान, जेमतेम दोन हजारांच्या आसपास. तिच्या स्त्रिया पांढऱ्या जाड सुती कापडावर लाल आणि काळ्या दोऱ्याने भरतात. कापड त्या विणत नाहीत, बाहेरून घेतात. पण त्यावरची नक्षी इतकी घट्ट बसते, की पाहणाऱ्याला ती मागावरच विणली असे वाटते. रिंग नाही, पेन्सिलीची रेघ नाही. उभे-आडवे धागे बोटांनी मोजायचे आणि सुई घालायची. आकृत्या घरच्याच : म्हशीची शिंगे, सशाचे कान, डोंगर, मोरपीस. सुई कापडाच्या उलट बाजूने चालते आणि जी बाजू जरा उठावदार, खडबडीत होते, तीच तोडा स्त्रिया सुलटी मानतात.

‘पूत्कुळी’ नावाची ही शाल स्त्री-पुरुष दोघेही पांघरतात. माणूस गेला, की त्याला शेवटी गुंडाळतात तेही याच भरलेल्या वस्त्रात. म्हणून तोडांच्या दृष्टीने हे भरतकाम फक्त शोभेचे नाही.

एका शालीला कित्येक आठवडे लागतात आणि डोळे शिणतात. याउलट तीच नक्षी यंत्रावर झटपट निघते. हुबेहूब दिसणारा नकली माल स्वस्तात मिळू लागला, तर हाताने भरणारीने काय करायचे? या काळजीपोटीच २०१३ मध्ये तोडा भरतकामाला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. नावाला कायद्याचा आधार मिळाला, पण दाम देणारे गिऱ्हाईक कायद्याने मिळत नाही.

पुन्हा आठवलेले टाके

टाके विसरले गेले की काय होते, याचे उदाहरणही तमिळनाडूतच आहे. धर्मपुरी जिल्ह्यातील सित्तिलिंगी खोऱ्यात लंबाडी लोकांचे तांडे आहेत. हे आपल्या यवतमाळ, वाशिमकडच्या बंजारा समाजाचेच भाईबंद. एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत हिंडणारे. बायकांनी घागरा-कांचळी सोडून साडी धरली, तसे तेथील भरतकाम थांबले आणि पुढे ते मोजक्या म्हाताऱ्यांच्याच बोटांत उरले.

त्या खोऱ्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर दांपत्यापैकी डॉ. ललिता रेजी यांच्या पुढाकाराने त्या आजीबाईंकडून तरुण मुलींनी टाके शिकून घेतले. त्यातून स्त्रियांची संस्था उभी राहिली. तिचे नाव ‘पोरगाई’, म्हणजे लंबाडी बोलीत अभिमान. मजुरीसाठी गाव सोडण्याऐवजी घरी बसून चार पैसे मिळू लागले, हा या टाक्यांचा खरा मोबदला.

शहराची स्वतःची सुई

चेन्नई शहरातही भरतकामाचे कारागीर आहेत. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडापुढे मांडी घालून बसायचे आणि आकडीसारख्या ‘आरी’ने जर, मणी, टिकल्या भरायच्या, हे काम येथे जोरात चालते. कांजीवरमवर आरीकाम केलेला ब्लाउज आज वधूच्या यादीत हमखास असतो. पॅरिसच्या नामांकित भरतकाम घराण्यातील ज्याँ-फ्रान्स्वा लसाज यांनी १९९३ मध्ये ‘वस्त्रकला’ ही कार्यशाळा याच शहरात काढली. त्यांना येथील कारागिरांचे हातच हवे होते.

घेताना काय पाहावे?

भरलेले कापड आधी उलटून पाहावे. यंत्राच्या कामात मागे बहुधा दुसऱ्याच रंगाचा बारीक दोरा आणि पातळ अस्तर दिसते, आणि प्रत्येक फूल अगदी साच्यातून काढल्यासारखे असते. हाताच्या कामात एखादा टाका किंचित लहान-मोठा असतोच. तो दोष समजून भाव पाडू नये. तीच अस्सलपणाची खूण. मोठी शाल परवडत नसेल, तर लहानशी पिशवी किंवा अभ्रा घ्यावा.

दक्षिणचित्र मंगळवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवून महाबलीपुरमच्या दिवशीच तेथे दोन-तीन तास काढावेत. मुली बरोबर असतील, तर त्यांना धागे मोजून चार टाके घालायला जरूर लावावे. शालीची किंमत एवढी का, हा प्रश्न मग त्या पुन्हा विचारणार नाहीत.