‘किल’ आणि ‘मर्डर’

इंग्रजीतला ‘किल’ हा ऐसपैस शब्द. थंडीने रोप मरो वा तापाने रोगी दगावो, दोन्हींना तोच चालतो. ‘मर्डर’ला मात्र माणूसच हवा, तोही हेतुपूर्वक मारलेला. आपल्या पाचव्या आज्ञेत १६११च्या किंग जेम्स बायबलने पहिला शब्द योजला, १९८९च्या न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीने दुसरा. (मराठीतला ‘खून’ याच दुसऱ्याच्या कुळातला.) दुसरा अधिक काटेकोर खरा; तरी आमचे मन पहिल्याकडेच ओढ घेते. मूळ हिब्रू क्रियापद गणना ग्रंथाच्या ३५व्या अध्यायात अजाणता घडलेल्या मनुष्यवधालाही लावलेले आहे. शिवाय ‘मर्डर’ म्हटले की श्रोते निर्धास्त होतात. आपण कुठे कुणाचा खून केला? ‘किल’ ऐकून मद्य पिऊन गाडी हाकणाराही बाकावर चुळबुळतो.